निळे आकाश, पांढरे आकाश
(भाषणाचा मजकूर)



श्रावणातली सर ओसरल्यावर बदलापुरातून दक्षिणेकडे पाहावे. चंदेरीचा डोंगर अगदी जवळ आल्यासारखा वाटतो आणि वरचे आकाश गडद निळे असते. पौषातल्या सकाळी तोच डोंगर धूसर होतो, आकाशही पांढरट दिसते. डोंगर तोच, सूर्यही तोच. पालटलेली असते ती मधली हवा.

आकाशाला निळा रंग धुळीमुळे येतो, असा समज अजूनही आढळतो. तो बरोबर नाही. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात आणि हवेचे रेणूच तो प्रकाश चोहीकडे विखुरतात. यालाच प्रकीर्णन म्हणतात. पुढे लॉर्ड रॅले म्हणून विख्यात झालेल्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये त्याचा नियम मांडला. तरंगलांबी जितकी आखूड, तितके प्रकीर्णन अधिक. त्यामुळे निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे सहापट विखुरतो. मग त्याहून आखूड तरंगांचे जांभळे आकाश का दिसत नाही, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील, आणि त्याने विचारावेच. सूर्यप्रकाशात जांभळा अंश कमी असतो आणि आपला डोळाही त्याला तितकासा दाद देत नाही.

हिवाळ्यात सूर्य मलंगगडाच्या बाजूला उतरतो, तेव्हा त्याच्या किरणांना माथ्यावरच्या सूर्यापेक्षा कितीतरी अधिक हवा ओलांडावी लागते. निळा वाटेतच विखुरून जातो. डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो नारिंगी आणि तांबडा.

१९२१ मध्ये विलायतेहून आगबोटीने मुंबईस परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी समुद्राची निळाई न्याहाळली. ती केवळ आकाशाचे प्रतिबिंब आहे, हे मत त्यांना पटेना. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका लहानशा लोलकाने अडवूनही पाणी निळेच दिसले. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, या विचाराचा पाठपुरावा पुढे १९२८ च्या रामन परिणामापर्यंत गेला.

शाळेत तर याहून साधी सामग्री पुरते. अंधाऱ्या खोलीत काचेच्या पेल्यातील पाण्यात दुधाचे दोन-चार थेंब टाकून एका बाजूने विजेरी धरावी. आडव्या बाजूने पाणी निळसर दिसते. समोरून पाहिल्यास विजेरीचा दिवा पिवळट-नारिंगी होतो. दूध वाढवीत गेले, की रंग नाहीसे होऊन सारे पांढरे होते.

पौषातल्या आकाशाचे तेच घडते. धूळ, धूर आणि धुके यांचे मोठे कण सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, आणि थंडीत जमिनीलगतची गार हवा वर न चढल्याने ते तेथेच कोंडून राहतात. पुढे उन्हाळ्यात भातखाचरांत राब भाजतात, तो धूर निदान पेरणीसाठी असतो; रस्त्याकडेला पेटविलेल्या कचऱ्याचे तसे नाही. तो पेटविणे कोणत्या वाडीपासून थांबवायचे, हे ग्रामसभेला ठरविता येईल. चंदेरी किती स्पष्ट दिसते, याची रोजची नोंद शाळेच्या फळ्यावर मुले ठेवू शकतील.