म्हातारपण, आजार आणि गुन्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. माझ्यासारखीने कायद्यावर बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. पण हा विषय आधी घरात सुरू होतो आणि मागाहून कोर्टात जातो. म्हणून एका वकीलबाईंकडून जे नीट समजून घेतले, तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

एप्रिल 2022 मध्ये ठाणे शहरातली एक बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. सकाळच्या चहाबरोबर नाश्ता मिळाला नाही, एवढ्यावरून 76 वर्षांच्या सासऱ्याने सुनेवर गोळी झाडली अशी ती बातमी होती. सून दवाखान्यात मरण पावली. ही बातमी वाचून बाया दोन तऱ्हांनी बोलल्या. एक म्हणाली, "इतक्या म्हाताऱ्या माणसाला काय शिक्षा करायची? साठी बुद्धी नाठी!" दुसरी म्हणाली, "वय कसले बघता? टाका तुरुंगात." भगिनींनो, दोघींनीही वयच पाहिले. कायदा मात्र वयाच्या आधी मन पाहतो.

आपल्या कायद्यात 7 वर्षांच्या आतल्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा होत नाही. 7 ते 12 या वयात त्या मुलाला समज किती आली होती ते पाहतात. पण वरच्या बाजूला अशी रेघ कुठेच ओढलेली नाही. साठ झाली, ऐंशी झाली, नव्वद झाली म्हणून खून माफ होतो असे कुठल्याही कलमात नाही. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, यापेक्षा कमी शिक्षा नाही. मग आरोपीचे केस पांढरे असोत की काळे. वयाची सवलत आहे ती दुसऱ्या जागी. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या माणसाला अटक करायची, तर पोलिसांना आधी वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागते. आजारी व दुर्बळ माणसाच्या जामिनाचा विचारही कोर्ट वेगळा करू शकते. ही माणुसकी झाली, माफी नव्हे.

माफीचा दरवाजा एकच आहे. 1860 च्या दंडसंहितेत ते 84 वे कलम होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते 22 वे आहे. त्याचा अर्थ असा : कृत्य करतेवेळी मनाच्या आजारामुळे आपण काय करतो आहोत हे ज्याला कळत नव्हते, किंवा हे वाईट आहे, बेकायदा आहे हे ज्याला कळत नव्हते, त्याचा तो गुन्हा होत नाही. यात "करतेवेळी" हा शब्द फार महत्त्वाचा आहे. नुसता आजार असून भागत नाही. त्या घडीला समज गेलेली होती, हे आरोपीच्या बाजूने दाखवावे लागते.

आता हे घरात कसे ओळखावे? एखादे आजोबा मुलगा घरात असला की गप्प असतात आणि तो बाहेर पडला की सुनेवर काठी उगारतात. पाहुण्यांपुढे गोड बोलतात. त्यांना बरेवाईट चांगले कळते, आणि त्यांचा राग हा नुसता राग आहे. दुसऱ्या घरी आजी स्वतःच्या लेकाला ओळखत नाहीत, सून म्हणजे घरात शिरलेली चोर समजतात, संध्याकाळ झाली की कावऱ्याबावऱ्या होतात, अंघोळ घालताना मारतात. हा स्मृतिभ्रंशाचा आजार असू शकतो. त्याला म्हातारचळ म्हणून हसू नये. आणि कालपर्यंत धड असलेले माणूस एकदोन दिवसांतच भ्रमात बडबडू लागले, तर ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. वेळेवर दवाखान्यात नेले तर पुष्कळदा ते बरे होते.

दवाखान्याचा कागद किती मोलाचा असतो तेही सांगते. 2002 मध्ये आपल्या महाराष्ट्रातला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आरोपी पोलीस शिपाई होता, म्हातारा नव्हता. त्याच्या हातून बायकोचा खून झाला होता. त्याच्या आजाराचे आणि उपचारांचे आधीचे व नंतरचे कागद कोर्टापुढे होते. ते पाहून न्यायालयाने त्याला याच 84 व्या कलमाचा फायदा दिला. कागद नसते, तर नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवता? आणि असा माणूस सुटला तरी मोकळा फिरत नाही. कोर्ट त्याला सुरक्षित जागी ठेवते, किंवा नीट सांभाळण्याची हमी घेऊन नातेवाइकांच्या हवाली करते.

आपल्या बीड जिल्ह्यात तर ही गोष्ट जास्तच जपावी लागते. दिवाळी झाली की ऊसतोडीला घरेच्या घरे बाहेर पडतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे, एखाद्या घरी एकटी सून. त्या पाचसहा महिन्यांत म्हाताऱ्याचे मन बिघडले, तर पाहणार कोण? कोयता, विळा, कुऱ्हाड तर घराघरात हाताशी असते. म्हणून शेजारणींनो, तिथे आपलीच नजर हवी.

माझी मंडळापुढे मागणी आहे. पहिली गोष्ट, वागण्यात फरक दिसला की तारीख घालून वहीत लिहून ठेवा आणि माणसाला डॉक्टरांकडे न्या. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जवळच लोखंडी सावरगावला वृद्धांच्या व मनाच्या आजारांसाठी सरकारी केंद्र आहे. 14416 या नंबरवर फोन करूनही मनाच्या आजाराबद्दल फुकट सल्ला मिळतो. दुसरी गोष्ट, अशा घरातली धारेची हत्यारे कुलपात ठेवा. तिसरी, त्या माणसापाशी एकाच बाईला रात्रंदिवस अडकवू नका; आळीपाळीने बसा. चौथी, जिथे आजार नसून नुसता जाच आहे, तिथे सुनेला "मोठ्यांचे सोसावे" असे सांगू नका. घरगुती हिंसेविरुद्धचा 2005 चा कायदा सासऱ्याला आणि सासूलाही लागतो, आणि त्यात वयाची सूट नाही.

वडीलधाऱ्यांचा मान राखणे ही आपली रीत आहे आणि ती राहावी. पण मान म्हणजे मार सोसणे नव्हे. आणि ज्याचे मन आजाराने गेले, त्याला गुन्हेगार म्हणणे हाही न्याय नव्हे. दोहोंतला फरक कोर्टाला फार उशिरा कळतो. तोवर एक जीव गेलेला असतो. तो आधी कळतो आपल्याला, कारण आपण रोज त्या घरात, त्या शेजारात असतो. एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून मी माझे दोन शब्द पुरे करते.