हातगाडीवरचं संग्रहालय

माझे अब्बा जरीकाम करायचे. माहीमच्या आमच्या खोलीत लाकडी अड्ड्यावर कापड ताणलेलं असे आणि अब्बा मांडी घालून आरीने त्यावर वेलबुट्टी भरत. एका ओढणीला कधी पंधरा-पंधरा दिवस लागत. मग ती एका मोठ्या दुकानाच्या काचेत दिसे, दुकानाच्या नावाची चिठ्ठी लावून. अब्बांना त्याचं काही वाटत नसे. वाटलं ते मला, तेही फार उशिरा, कविता छापून यायला लागल्यावर. माझ्या चार ओळींखाली नाव छापतात, मग त्यांच्या पंधरा दिवसांखाली का नसावं?

हे पुन्हा आठवलं ते फेब्रुवारी २०१६मध्ये. माहीम स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की धारावी. तिथे तेव्हा चक्क हातगाडीवर एक संग्रहालय आलं होतं, 'डिझाइन म्युझियम धारावी'. स्पेनचे कलावंत होर्हे मान्येस रुबिओ आणि नेदरलँड्सच्या अमांडा पिनाती यांची ही कल्पना. धारावीच्या कारागिरांचं काम धारावीच्याच गल्लीत मांडायचं. चहाचे मातीचे पेले, पाण्याची भांडी, अशा रोजच्या वस्तू. दोनेक महिन्यांचाच खेळ होता तो, पण मला आवडला.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२पासूनचं. तिथे काचेआड मुंबईच्या नाना जातीधंद्यांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. कुसर अशी की पाय निघत नाही. पण त्या माणसांना धंदा आहे, नाव नाही. इथे पेला आवडला, तर घडवणारा दोन गल्ल्या पलीकडे बसलेला! माती कुठली, भाजताना किती तडकले, जाऊन विचारा.

मी गेलो. कुंभारवाड्यातली ही मंडळी मूळची सौराष्ट्रातली, घरात अजून गुजराती. चाक खाली, बिऱ्हाड वर, भट्टी दाराशी. भट्टीत कापडाच्या चिंध्या जळतात, धुराने डोळे चुरचुरतात. कौतुकाच्या भरात हे लपवण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या पणत्या इथल्याच आणि आमच्या घरातली लोबानदाणीही इथलीच.

एका वयस्कर कुंभाराला म्हटलं, "काका, तुमच्या वाड्याचं काम आता संग्रहालयात लागलं." चाक न थांबवता ते म्हणाले, "लागू दे की. भट्टी राहणार का, ते विचारून या."

तेव्हा उत्तर कुणाकडेच नव्हतं. नोव्हेंबर २०२२मध्ये धारावीच्या पुनर्विकासासाठी अदानी समूहाची बोली सर्वांत मोठी ठरली. घराच्या बदल्यात घर, हे मोजता येतं. पण ओली मडकी वाळायला लागणारं अंगण, चौघांत मिळून असलेली भट्टी, हे चौरस फुटांत कसं बसवणार? दहाव्या मजल्यावर भट्टी लागत नाही. अशी गाडी पुन्हा निघालीच, तर पेल्यांशेजारी त्या अंगणाचा नकाशाही मांडा, मापांसकट.