अहवालातलं ठळक अक्षर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आरोग्य आणि तंत्रज्ञान’ असा भारदस्त विषय दिला होता. तो जरा बाजूला ठेवते आणि पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनच्या रक्ततपासणीवर बोलते. मागच्या रांगेतून हसू येणार हे धरूनच चालले होते. आपल्या पिढीला प्रजननाचा धडा बहुतेक ठिकाणी ‘घरी वाचून या’ म्हणूनच मिळाला. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि या गोष्टी मराठीत छापल्या, त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. त्याला शंभर वर्षं होत आली, तरी आपण अजून हसतोच.

विषय निवडायचं कारण आपला व्हॉट्सॲप ग्रुप. म्हणजे ग्रुपवर नाही, खासगीत. गेल्या वर्षभरात आपल्या बॅचच्या पाच-सहा जणांनी मला आपापले रिपोर्ट पाठवले. चाळिशी उलटली की ‘फुल बॉडी चेकअप’ करायचं, आणि त्या लांबलचक यादीत हल्ली टेस्टोस्टेरॉनही असतं. त्या ओळीपुढे ठळक अक्षरांत ‘लो’ दिसलं की दहावीच्या निकालाला न घाबरलेले आपले पोट्टे रात्री साडेअकराला लिहितात, ‘कोणाला सांगू नको, पण हे जरा पाहून सांग.’

मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट ज्यातून छापले जातात, त्या सॉफ्टवेअरवर मी काम करते. त्यामुळे ते ठळक अक्षर कुठून येतं एवढं मला पक्कं ठाऊक आहे. ते कोणी डॉक्टर लिहीत नाही. यंत्राकडून आकडा येतो, प्रोग्राम तो खालच्या मर्यादेशी ताडतो आणि लहान असेल तर अक्षर ठळक करतो. तुमचं वजन, तुमची झोप, रक्त किती वाजता दिलं, आधी काय खाल्लं, यातलं काहीही त्या प्रोग्रामला माहीत नसतं.

मर्यादाही एक नाही. २०१७ साली युरोप-अमेरिकेतल्या १९ ते ३९ वयाच्या, स्थूल नसलेल्या पुरुषांवरून काढलेली मर्यादा २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ ३०० च्या खाली कमी धरतात. म्हणजे २८० हा आकडा एका कागदावर साधा, दुसऱ्यावर ठळक, रक्त तेच. त्यात एककांची गंमत. हेच २८० कुठे २.८ छापलं जातं, कुठे ९.७. मागच्या वर्षी २८० आणि यंदा ९.७ पाहून एकाची झोप उडाली होती. पहिला आकडा नॅनोग्रॅममध्ये होता, दुसरा नॅनोमोलमध्ये. २८.८ ने गुणलं की दोन्ही एकच.

आता वेळ. हा हार्मोन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतो. तिशी-चाळिशीच्या पुरुषांत दुपारी चारपर्यंत तो वीस-पंचवीस टक्के उतरू शकतो. साखर पोटात गेली तरी काही तास खाली येतो. म्हणून अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीचं २०१८ चं मार्गदर्शन असं आहे की आधी लक्षणं हवीत, आणि मग दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, उपाशीपोटी रक्त द्यायचं. आपल्या मंडळींपैकी दोघांनी रक्त दिलं ते ऑफिस सुटल्यावर, आणि एकानं तर्री पोहे खाऊन, वर चहा पिऊन. डेंग्यूतून नुकतेच उठला असाल तर तो आकडा धरूच नका, बरं झाल्यावर पुन्हा करा.

यापुढचा भाग मला इंजिनिअर म्हणून सर्वांत आवडतो. रक्तातलं जवळजवळ ९८ टक्के टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेलं असतं. त्यातलं घट्ट पकडणारं प्रथिन म्हणजे एसएचबीजी. मोकळं राहतं दोनेक टक्के. पोटाभोवती चरबी वाढली, इन्सुलिन नीट काम करेनासं झालं, की एसएचबीजी घटतं, त्यामुळे एकूण आकडाही घटतो; मोकळा भाग मात्र बराचसा जागेवर असू शकतो. आणि ‘मी कुठे जाडा आहे?’ असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण बहुतेक सगळे याज्ञिकांच्या बाजूचे.

मोकळं टेस्टोस्टेरॉन थेट मोजणाऱ्या स्वस्त चाचण्या भरवशाच्या नाहीत. एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन यांवरून ते गणितानं काढतात, आणि ते गणित म्हणजे वर्गसमीकरण. सर, दहावीत आम्ही विचारायचो ना, हे पुढे कुठे उपयोगी पडणार?

दोन्ही सकाळी आकडा खरंच कमी आला, तर पुढची तपासणी एलएच आणि एफएसएच. हे पीयूषिका ग्रंथीकडून वृषणांना जाणारे निरोप. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त, तर वरून हाका मारल्या जाताहेत पण खाली काम होत नाही. दोन्ही कमी, तर हाकाच नाहीत. मग प्रोलॅक्टिन पाहायचं, चालू औषधं पाहायची, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं तपासायचं.

आपल्यातल्या एकाच्या बाबतीत ठळक अक्षर खरं निघालं. दोन वर्षं इच्छा मेलेली, डोकं दुखायचं, गाडी चालवताना बाजूचं नीट दिसायचं नाही. त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. जाहिरातीतल्या ताकदीच्या कॅप्सूल खात होता. धंतोलीतल्या डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन तपासलं, ते कित्येक पट वाढलेलं. एमआरआयमध्ये पीयूषिकेवर गाठ दिसली. ती साधी होती, गोळ्यांनी लहान झाली, आणि टेस्टोस्टेरॉन बाहेरून न देताच वर आलं. तो आज इथे बसला आहे आणि हे सांग असं त्यानंच मला सांगितलं.

दुसऱ्याची गोष्ट उलटी. संध्याकाळचा एकच रिपोर्ट, ना एलएच, ना दुसरी तपासणी. जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून इंजेक्शनं सुरू. लग्न उशिरा झालेलं, घरात बाळाची वाट पाहणं चाललेलं. त्याला कोणी हे सांगितलंच नाही की टेस्टोस्टेरॉन बाहेरून आलं की पीयूषिका निरोप पाठवणं थांबवते आणि वृषणात शुक्रजंतू बनणं बंद पडत जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं हीच इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती, त्याचा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाला. पौरुष वाढवायला म्हणून आपला भाऊ दर आठवड्याला संततिनियमन टोचून घेत होता! तपासणीत शुक्रजंतू शून्य. इंजेक्शनं थांबवून दहा महिने झाल्यावर थोडे दिसू लागले. ते दहा महिने त्या दोघांनी कसे काढले, ते मी इथे सांगणार नाही.

थकवा, चिडचिड, दुपारी पेंग, ही लक्षणं आपल्या वयात सगळ्यांनाच असतात आणि या हार्मोनशी त्यांचं नातं कच्चं आहे. युरोपात ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांचा अभ्यास झाला, निष्कर्ष २०१० मध्ये आले. सकाळची ताठरता कमी होणं, इच्छा कमी होणं आणि संबंधांत अडचण, ही तिन्ही लक्षणं आणि सोबत कमी आकडा, असं धरलं तर २.१ टक्केच पुरुष निघाले. त्यांना औषधाचा फायदा होतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीत, हिमोग्लोबिन आणि प्रोस्टेट तपासत राहून घ्यावा.

डॉक्टरांकडे जाताना रक्त दिल्याची वेळ, मागच्या तीन महिन्यांतली सगळी औषधं, केस-नखांच्या बायोटिनच्या गोळ्यासुद्धा, कागदावर लिहून न्या; बायोटिननं काही यंत्रांवर आकडा चुकीचा येतो. मूल हवं असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. आणि इथे आलेल्या वहिनींना एक विनंती: नवरा रात्री कसा घोरतो आणि मध्येच श्वास थांबतो का, हे त्याला स्वतःला कळत नाही. तेवढं डॉक्टरांना तुम्हीच सांगा. जेवणानंतर मी मागच्या वर्गात बसणार आहे; ज्यांना रिपोर्ट दाखवायचे असतील त्यांनी यावं, दार लावून घेऊ.