पूर्वजांचें वतन आणि आपण



ज्युबिली हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें पताका, रोषणाई व मेजवानी उभी राहते. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु या शब्दाचें मूळ जुन्या करारांत आहे, आणि तेथें त्याचा अर्थ अधिक खोल आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं रणशिंग फुंकावें, दासांना मुक्त करावें, आणि गरिबीमुळें ज्याची जमीन दुसऱ्याच्या हातीं गेली असेल त्यानें आपल्या वडिलोपार्जित वतनावर परत यावें, असें तेथें सांगितलें आहे. तेव्हां ज्युबिली हें हिशेबाचें वर्ष आहे. आपलें वतन कोणतें, आणि तें आपल्या हातीं आहे कीं निसटत चाललें आहे, हें पाहण्याची ही वेळ आहे.

आमच्या वसईच्या पट्ट्यांत वतन म्हटलें कीं केळीची बाग आठवते, विहीर आठवते. त्या बागा कमी होत गेल्या व त्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या, याचें दुःख पुष्कळांच्या मनांत आहे. परंतु पूर्वजांनीं आपल्याला दिलेलें थोरलें वतन सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लिहिलेलें नाहीं. परमेश्वर एक आहे; त्याचा पुत्र आपल्यासाठीं मनुष्य झाला, क्रुसावर मेला व तिसऱ्या दिवशीं पुनरुत्थित झाला; वेदीवरील भाकरींत तो खरोखर उपस्थित आहे; पापांची क्षमा आहे; आणि मरण हा शेवट नव्हे. हें आमचें वतन.

या वतनाची सनद जुनी आहे. आपण रविवारीं जो विश्वासांगीकार म्हणतों त्याचा पाया नायसियाच्या धर्मपरिषदेनें इ. स. ३२५ मध्यें घातला. २०२५ सालीं त्या घटनेला १७०० वर्षें झालीं. त्या काळींही ख्रिस्त हा पित्याशीं एकतत्त्व आहे असें म्हणणें नेहमींच सोयीचें नव्हतें. आलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस यांना याच सत्यापायीं पांच वेळां आपलें नगर सोडून हद्दपारींत जावें लागलें. काळाचा वारा पाहून श्रद्धा बेतावयाची, असें त्यांनीं ठरविलें असतें तर आज आपल्या ओठीं तो विश्वासांगीकार राहिला नसता.

आतां आपल्या काळाकडे वळूं. आज कोणी आपल्याला क्रूस पायदळीं तुडवावयास सांगत नाहीं. आजचा काळ सौम्य आहे. तो 'श्रद्धा सोडा' असें म्हणत नाहीं. 'नंतर पाहूं' असें म्हणतो. रविवारीं सकाळीं मुलाची शिकवणी असते. मिस्सा नंतर पाहूं. संध्याकाळीं माळेच्या वेळीं प्रत्येकाच्या हातांत निराळा मोबाईल असतो. प्रार्थना नंतर पाहूं. लग्नाचा हॉल वर्षभर आधीं ठरतो, छायाचित्रें काढणारा ठरतो. आणि विवाह हा मरेपर्यंतचा संस्कार आहे, हा विचार सर्वांच्या शेवटीं येतो. ज्याला जें वाटेल तें त्याचें सत्य, असें ऐकत ऐकत आपलीं मुलें मोठीं होतात. अशा रीतीनें कोणीही न नाकारतां श्रद्धा घरांतून नाहींशी होऊं शकते. छळाशीं झुंजणाऱ्याला शत्रु दिसतो. आपल्याला तो दिसत नाहीं, एवढाच फरक.

अशा वेळीं कोणाकडे पाहावें? आमच्या मतें आपण आपल्याच वसईच्या सुपुत्राकडे पाहावें. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकांत, सुमारें १५५७ सालीं, वसईस झाला. ते प्रथम व्यापारी होते. पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत शिरले. ते धर्मगुरु नव्हते, धर्मबंधु होते. जपानी भाषा येत असल्यामुळें ते आपल्या सोबत्यांचे दुभाषी झाले. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती जनांना क्रुसावर मारण्यांत आलें, त्यांत ते होते. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं या सव्वीस रक्तसाक्षींना संतपद दिलें. इतकी हकीगत आपल्यांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु त्या टेकडीखालच्या ख्रिस्ती लोकांचें पुढें काय झालें, हें आपण क्वचित् सांगतों. आणि आजच्या विषयाला खरा उजेड तेथूनच मिळतो.

१६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. प्रभुमंदिरें पाडलीं गेलीं. धर्मगुरु हद्दपार झाले किंवा मारले गेले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या देशांत एकही धर्मगुरु उरला नाहीं. त्यानंतर दोनशें वर्षांहून अधिक काळ तेथें ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना घंटा. नागासाकीला दर वर्षीं घरोघरच्या लोकांना प्रभूच्या किंवा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. हा धर्म त्या देशांत संपला, असें सर्वांस वाटलें.

पुढें परदेशीयांसाठीं नागासाकींतील ऊरा येथें एक मंदिर बांधण्याची परवानगी मिळाली. तें मंदिर त्याच सव्वीस रक्तसाक्षींच्या, म्हणजे आपल्या गोन्सालोंच्याही, नांवें अर्पण करण्यांत आलें. ता. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामी गांवचीं कांहीं शेतकरी माणसें त्या मंदिराच्या दारीं आलीं. फादर पतिझाँ नांवाचे फ्रेंच धर्मगुरु प्रार्थना करीत होते. एक स्त्री त्यांच्याजवळ आली व हळूच म्हणाली कीं, आमचें अंतःकरण तुमच्यासारखेंच आहे. मग तिनें पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे, असें विचारलें. त्या लोकांनीं असेंही सांगितलें कीं, सध्यां आम्ही दुःखाच्या काळाच्या सतराव्या दिवसांत आहों. बंधुभगिनींनो, त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्चला होता. सतरा मार्च हा उपवासकाळाचा बरोबर सतरावा दिवस! दोनशें वर्षें धर्मगुरूचें दर्शन नाहीं, छापील पंचांग नाहीं, आणि हिशेबांत एका दिवसाची चूक नाहीं.

हें कसें घडलें? त्यांनीं श्रद्धा कोणा एकावर सोपविली नाहीं. कामें वाटून घेतलीं. गावांत एक जण दिनदर्शक सांभाळी. सण कधीं, उपवास कधीं, कोणत्या दिवशीं शेतीचें काम बंद, हें तो ठरवी. दुसरा बालकांना बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघर जाऊन निरोप पोंचवी. हे सर्व साधे शेतकरी व कोळी होते.

दुसरी गोष्ट अशी कीं, बाह्य गोष्टींसाठीं ते अडून बसले नाहींत. त्यांचा पोशाख, त्यांचें अन्न, त्यांचीं घरें शेजाऱ्यांसारखींच होतीं. यावरून आपण शिकावें कीं जुनी श्रद्धा म्हणजे जुनी राहणी नव्हे. नवें शिक्षण, नवीं यंत्रें, मुलींच्या नोकऱ्या यांना विरोध करणें म्हणजे श्रद्धेचें रक्षण, असें जर कोणी समजत असेल तर तो वतन सोडून कुंपणाचीच राखण करीत आहे.

तिसरी गोष्ट सांगतांना मन हेलावतें. त्या लोकांतले सर्वच शूर नव्हते. पुष्कळांनीं भीतीनें प्रतिमेवर पाय ठेवला. परंतु घरीं परतल्यावर ते पूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. ती त्यांनीं पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ ठेविली होती. पडलेल्यानें पुन्हां उठावयाचें, हेंही त्यांच्या वतनांतच होतें. आज आपल्यांत असा कोणी असेल कीं ज्यानें वर्षानुवर्षें पापनिवेदन केलें नाहीं, आणि आतां कोणत्या तोंडानें जावें असें ज्याला वाटतें, त्यानें त्या शेतकऱ्यांकडे पाहावें. त्यांना क्षमेचे शब्द ऐकविणारा धर्मगुरु मिळावा म्हणून सात पिढ्या वाट पाहावी लागली. आपल्याला तो हाकेच्या अंतरावर आहे.

या कथेला एक दुःखद बाजूही आहे, ती झांकणें योग्य नव्हे. प्रकट झाल्यावर उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती जनांना हद्दपार केलें गेलें व त्यांतले शेंकडों मेले. १८७३ सालीं बंदी उठली तेव्हां उरलेले परतले. पुष्कळ कुटुंबें ख्रिस्तसभेंत पुन्हां सामील झालीं. परंतु कांहीं कुटुंबें अलग राहिलीं. त्यांच्या प्रार्थनांतील लॅटिन व पोर्तुगीज शब्दांचा अर्थ पिढ्यान् पिढ्या विसरत गेला होता. ध्वनि मात्र जपला होता. मोठ्या निष्ठेनें ते ध्वनि म्हणत राहिले, आणि ते म्हणणाऱ्यांची संख्या आतां अगदीं थोडी उरली आहे. ठेवा जपला, पण त्याची किल्ली हरवली.

हा इशारा आपल्यालाही आहे. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली, तरी येथल्या ख्रिस्ती घरांनीं आपली श्रद्धा सोडली नाहीं. ती घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं मुलांना समजेल अशा बोलीत दिली, म्हणून टिकली. फादर स्टीफन्स यांनींही १६१६ सालीं प्रसिद्ध झालेलें क्रिस्तपुराण मराठी ओव्यांत लिहिलें, तें लोकांना धर्म कळावा म्हणूनच. आज आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत शिकतात, घरीं सामवेदी किंवा वाडवळी अर्धवट बोलतात, आणि मंदिरांत मराठी प्रार्थना पुटपुटतात. तिहींपैकीं कोणत्या भाषेंत त्यांना देव कळतो? मुलानें विचारलें, 'पुनरुत्थान म्हणजे काय?' तर 'गप्प बस, प्रार्थना म्हण' हें उत्तर पुरेसें नाहीं. ज्या भाषेंत त्याला कळेल त्या भाषेंत सांगा. आणि स्वतःला ठाऊक नसेल तर आधीं शिकून घ्या. विसाव्या वर्षीं नोकरीसाठीं तो परदेशीं जाईल तेव्हां त्याच्याबरोबर आजीची माळ जाईल. परंतु ती कां जपावयाची हें त्याला ठाऊक नसेल, तर ती पेटींतच राहील.

म्हणून या ज्युबिलीनिमित्त आमची एवढीच विनंति आहे. त्या शेतकऱ्यांचीं तीन कामें आपल्या प्रत्येक घरानें वांटून घ्यावीं. घरांतल्या एकानें दिवस सांभाळावे: रविवार मोडूं द्यावयाचा नाहीं, शुक्रवारचें व्रत व सण विसरूं द्यावयाचे नाहींत, आणि संध्याकाळीं माळेच्या वेळीं मोबाईल बाजूला ठेवावयास सांगावयाचें. दुसऱ्यानें अर्थ सांभाळावा: मुलांना प्रार्थना द्यावयाची ती समजावून द्यावयाची. तिसऱ्यानें निरोप सांभाळावा: आपल्या आळींतलें जें घर मंदिरांत येईनासें झालें आहे, जेथें कोणी आजारी आहे, जेथें भावाभावांचें बोलणें बंद आहे, त्या घराची कडी वाजवावयाची. हीं कामें धर्मगुरूंवर टाकून आपण मोकळें होऊं नये. गोन्सालोही धर्मगुरु नव्हते.

ज्यांनीं हें मंदिर उभारलें त्यांचीं नांवें या पुस्तिकेंत छापलीं आहेत. ज्यांनीं आपल्याला पहिल्यांदा क्रुसाची खूण करावयास शिकविली, त्या माउल्यांचीं नांवें कोठेंही छापलेलीं नाहींत. त्यांच्या हातून जें वतन आपल्याकडे आलें तें पुढच्या पिढीच्या हातीं पूर्ण, आणि अर्थासह, सोंपविण्याची कृपा प्रभु येशू ख्रिस्त आपल्याला देवो. मरियामाता व संत गोन्सालो आपल्यासाठीं विनंति करोत.