प्रासंगिक कराराचे विमान



आपल्या गावावरून कधी कधी अशी एस.टी. जाते की तिच्या कपाळावर गावाचे नाव नसते. पाटीवर दोनच शब्द असतात : प्रासंगिक करार. हात केला तरी ती थांबत नाही. आत कोणाचे वऱ्हाड असते, कोणाची देवदर्शनाची मंडळी असते, नाही तर एखाद्या शाळेची सहल. सबंध गाडी त्यांनी ठरवून घेतलेली असते. आज मी अशाच एका गाडीची हकीकत सांगणार आहे. फरक एवढाच, की ही गाडी आकाशातून जाते आणि तिचे बिऱ्हाड जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या परिसरात आहे. तिचे नाव काँडोर. काँडोर म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरचा, गिधाडाच्या जातीचा एक प्रचंड पक्षी.

आता कोणी म्हणेल, जर्मनीच्या विमानाशी आपल्याला काय करायचे आहे? करायचे आहे. हे विमान आपल्या शेजारी, गोव्यात उतरलेले आहे, आणि उतरले तेव्हा तिथे फुले घेऊन सगळेच उभे नव्हते. पण ते पुढे येईल.

आधी हा करार काय असतो ते पाहू. वेळापत्रकाचे विमान आणि कराराचे विमान यांतला फरक समजायला एक साधे गणित पुरे आहे. गुरुजींनी ते उद्या फळ्यावर घालावे. समजा, एका विमानात 100 जागा आहेत आणि एका फेरीचा सगळा खर्च 6 लाख रुपये आहे. वेळापत्रकाचे विमान ठरल्या वेळी निघालेच पाहिजे, मग माणसे येवोत न येवोत. त्यात 60 माणसे बसली तर माणशी खर्च 10,000 रुपये पडला. तेच विमान करारावर गेले आणि शंभरही जागा भरल्या, तर माणशी 6,000. आणि खुर्च्या जरा जवळ जवळ सरकवून 120 बसवले, तर 5,000. गुडघे पुढच्या पाठीला टेकतात हे खरे; पण निम्म्या पैशात जायला मिळते म्हटल्यावर गुडघ्यांची तक्रार कोण ऐकतो!

यात एक मेख आहे. रिकाम्या जागेचा भुर्दंड कोणावर? एकदा आमच्या शाळेच्या सहलीसाठी आम्ही एस.टी. ठरवली. 44 मुलांचा हिशेब धरून वर्गणी काढली. निघायच्या दिवशी पाच मुले तापाने फणफणली. त्यांच्या आईबापांना पैसे परत द्यावे लागले आणि गाडीचे भाडे मात्र एका पैशाने कमी झाले नाही. ती तूट आम्ही शिक्षकांनी वाटून घेतली. कराराच्या विमानात अगदी हेच होते. विमानकंपनीला तिचे भाडे मिळते. जागा भरण्याची धास्ती सहल काढणाऱ्याच्या छातीवर असते. म्हणून तो तिकीट, हॉटेल, न्याहारी, विमानतळावरून नेणारी बस असे सगळे एका गाठोड्यात बांधून आगाऊ विकतो. त्यालाच पॅकेज टूर म्हणतात.

आता काँडोरकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरला आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे जर्मनांना स्वतःची विमाने चालवण्याची मुभा नव्हती. ती 1955 साली मिळाली. लुफ्तान्सा ही त्यांची राष्ट्रीय विमानकंपनी त्याच वर्षी पुन्हा उडू लागली, आणि वर्ष संपता संपता, डिसेंबरात, कराराच्या विमानांसाठी एक वेगळी कंपनी उभी राहिली. भागीदार कोण होते पाहा : दोन जहाज कंपन्या, जर्मनीची रेल्वे आणि लुफ्तान्सा. म्हणजे पाण्यावरचा, रुळांवरचा आणि आकाशातला, असे तिघेही या नव्या धंद्यात उतरले. पहिली विमाने अवघी तीन, प्रत्येकात 36 जागा. 1956 च्या मार्च महिन्यात पहिली फेरी निघाली ती कुठे? समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, येशू ख्रिस्ताच्या भूमीकडे, यात्रेकरूंना घेऊन. आपल्याकडे गावकरी एकत्र येऊन गाडी ठरवतात ती पंढरपूर-अक्कलकोटसाठी. जर्मनांचाही आरंभ तीर्थयात्रेनेच झाला, याची मला मोठी गंमत वाटते. मायोर्का आणि तेनेरीफ ही स्पेनची बेटे लवकरच त्यांत आली.

1959 मध्ये लुफ्तान्साने बाकीच्या भागीदारांचे वाटे घेऊन टाकले. काँडोर हे नाव आले 1961 साली, तेही दुसऱ्याचे. बेकिंग पावडर आणि पुडिंग विकणाऱ्या ओएट्कर नावाच्या उद्योगसमूहाने त्या नावाची एक छोटी विमानकंपनी काढली होती. ती विकत घेतली आणि तिचे नावही ठेवून घेतले. केकच्या पिठावाल्याने आकाशातल्या गिधाडाचे बारसे केले म्हणायचे.

मोठ्या घराण्याने धाकटे दुकान वेगळ्या पाटीने का काढावे? कारण त्या काळी आंतरराष्ट्रीय तिकिटांचे दर विमानकंपन्यांच्या संघटनेत ठरत आणि सरकारे त्यांवर शिक्का मारीत. राष्ट्रीय कंपनीला तेच तिकीट स्वस्तात विकणे सोपे नव्हते. कराराचे विमान त्या चौकटीबाहेर होते. शिवाय थोरल्या दुकानात साहेबलोक, व्यापारी, मंत्री यायचे. तिथे दर पाडले तर त्यांनाही तोच दर हवासा झाला असता. म्हणून स्वस्त मालाला वेगळे दार. ही युक्ती जर्मनांचीच नाही. आपल्या एअर इंडियानेही 1971 साली चार्टर विमानांसाठी एक उपकंपनी काढून ठेवली होती. तिच्याच नावावर 2005 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेस सुरू झाली आणि आखातात राबणाऱ्या माणसांना थोडी स्वस्तात घरी आणू लागली. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडियाबरोबर तीही टाटांकडे गेली.

काँडोर मात्र भराभर वाढली. 1966 मध्ये तिची विमाने थायलंड, केनया, श्रीलंका इथपर्यंत जाऊ लागली. 1971 मध्ये तिने जंबो जेट आणले. सहलीच्या धंद्यात जगात पहिलेच. त्यात साडेचारशेच्या वर माणसे बसत, आणि लोकांनी त्याला लाडाने फ्रिट्झ म्हणावे, जसे आपण बैलाला सर्जा म्हणतो. कारखान्यातला फिटर, पोस्टातला कारकून, शाळामास्तर अशा माणसांनी आयुष्यात प्रथमच दुसऱ्या खंडावर पाय ठेवला तो या विमानांमुळे. ही गोष्ट लहान नाही. दहा वर्षांपूर्वी ज्या देशाची शहरे ढिगाऱ्यात होती, तिथला कामगार बायकामुलांसह समुद्रावर सुट्टीला जाऊ लागला.

पण तो जिथे जातो तिथे कोणीतरी राहत असतेच.

गोव्यात परदेशी चार्टर विमाने येऊ लागली ती 1980 नंतरच्या दशकाच्या मध्यावर. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी बांधलेला. 1961 नंतर तो आपल्या नौदलाकडे आला. 1987 साली काँडोरने आलेल्या जर्मन प्रवाशांना तिथे निदर्शनांना तोंड द्यावे लागले. जागृत गोंयकारांची फौज या संघटनेचे कार्यकर्ते फलक घेऊन उभे होते, आणि पाहुण्यांवर शेण फेकले गेले. ज्या शेणाने आपण पाहुणा येणार म्हणून अंगण सारवतो, त्याच शेणाने! मला हे रुचत नाही. वर्षभर पैसा पैसा साठवून आलेल्या त्या माणसांचा काय अपराध? पण फेकणाऱ्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. किनाऱ्यावर मोठमोठी हॉटेले होत होती. तिथे पोहण्याच्या तलावाला पाणी, आणि शेजारच्या वाड्यातल्या बायका विहिरीवर रांगेत. रापणीची होडी जिथे पिढ्यान्पिढ्या ओढून ठेवली, तिथे उन्हात निजायच्या खुर्च्या. आणि गाठोड्याचे पैसे? तिकीट, हॉटेल, जेवण, सगळे फ्रँकफुर्टलाच चुकते झालेले. गावात खर्च व्हायचे ते नारळपाण्याचे आणि टॅक्सीचे.

तरी काळ पाहा कसा उलटतो. त्याच किनाऱ्यावर पुढे शेकडो घरांची चूल चार्टरच्या हंगामावर पेटू लागली. खोल्या भाड्याने दिल्या, शॅक टाकले, टॅक्सीसाठी कर्ज काढले. आणि 23 सप्टेंबर 2019 रोजी, हंगाम तोंडावर असताना, थॉमस कुक ही ब्रिटिश सहल कंपनी बुडाली. इंग्लंडहून गोव्याला येणारी तिची विमाने जमिनीवरच राहिली. दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत अडकले. त्यांना सरकारने विमाने पाठवून परत नेले. गोव्यातल्या टॅक्सीवाल्याला मात्र नेणारे कोणी नव्हते. मुंबईची थॉमस कुक इंडिया तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, म्हणून ती या तडाख्यातून सुटली.

काँडोर तेव्हा याच थॉमस कुकच्या घरात होती. लुफ्तान्साने 1998 मध्ये तिला एका सहल कंपनीशी जोडून दिले होते, त्या जोडीने थॉमस कुक विकत घेतली, मधे काही काळ विमानांवर थॉमस कुकचे नाव रंगवले. लोकांना ते मुळीच रुचले नाही. 2004 मध्ये गिधाड परत आले. 2009 पर्यंत लुफ्तान्साने आपला उरला वाटाही सोडला. घर कोसळले त्या दिवशी काँडोर नफ्यात चालणारी, पण तिजोरी मालकाबरोबर गेलेली. जर्मन सरकार आणि हेसेन राज्य यांनी 38 कोटी युरोंचे कर्ज दिले आणि तिची एकही सकाळ बुडाली नाही. जानेवारी 2020 मध्ये पोलंडच्या विमानकंपनीच्या मालकांनी ती घ्यायचे ठरवले. करोना आला आणि एप्रिलमध्ये सौदा मोडला. अखेर 2021 मध्ये ॲटेस्टर या गुंतवणूक कंपनीने निम्म्याहून अधिक वाटा घेतला.

आणि थोरले घर? लुफ्तान्साने त्याच 2021 साली सुट्टीच्या प्रवाशांसाठी नवीन धाकटे दुकान काढले. आज त्याचे नाव डिस्कव्हर. लहान गावांतून फ्रँकफुर्टपर्यंत काँडोरचे प्रवासी लुफ्तान्साच्या विमानाने आणून पोचवण्याचा जुना ठराव होता, तो मोडण्याची नोटीसही दिली. म्हणजे आपण बांधावरून पाणी देतो ते भावाने अडवावे, तसे. स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या जर्मन खात्याने 2022 मध्ये त्याला मनाई केली, आणि भांडण कोर्टात गेले.

काँडोरने 2022 मध्ये आपली विमाने नव्याने रंगवायला घेतली. शेपटापासून नाकापर्यंत उभे पट्टे : पिवळे, लाल, निळे, हिरवे, मातकट. समुद्रकाठच्या छत्र्यांवर आणि टॉवेलांवर असतात तसे. मला त्यांचे चित्र पाहून आमच्याकडच्या जत्रेतल्या पाळण्याची आठवण झाली. गुरुजींनी ते गणित मुलांना घालताना एक पोटप्रश्न जरूर घालावा : 100 पैकी 5 जागा रिकाम्या राहिल्या, तर तूट किती, आणि ती भरायची कोणी?