चोवीस तासांचा कॅशबुक
(सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला पंधरा मिनिटे दिली आहेत. घड्याळ समोरच आहे, त्यामुळे बचाव नाही.

दोन वर्षांपूर्वी जनरल बॉडीत मी मोठ्या उत्साहाने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे आपल्या डीम्ड कन्व्हेयन्सची फाईल अंगावर घेतली. इमारत आपली, पण जमीन अजून बिल्डरच्या नावावर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आठ महिने फाईल माझ्या कपाटात पडून होती. कोणी विचारले की मी म्हणायचो, "वेळच मिळत नाही हो." एकदा अध्यक्ष हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही रिटायर्ड ना?" ते मला लागले.

मॅनेजर असताना ट्रेनिंगमध्ये पीटर ड्रकरांचे ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ वाचायला लावले होते. १९६७ चे पुस्तक. वेळ कुठे जातो हे आठवून सांगू नका, जेव्हाच्या तेव्हा लिहा, असे त्यात आहे. नोकरीत मी ते कधी केले नाही, वेळ नव्हता म्हणून! आता एक जुनी डायरी घेतली, अर्ध्या अर्ध्या तासाचे खाने आखले आणि आठवडाभर लिहिले.

आमच्या काळी संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी जाता येत नसे. एका रुपयासाठी आम्ही रात्रीचे नऊ वाजवले आहेत. इथे तर रोजचे पावणेचार तास जुळेनात! पेपर एक तास पन्नास मिनिटे, मोबाईल दोन तास चाळीस (मी अर्धा तास धरून चाललो होतो), गेटवरच्या गप्पा, टीव्ही, दुपारची झोप, सगळे मांडूनही फरक राहिला. तो ‘सस्पेन्स’ला टाकला. फाईलच्या नावे आठवड्यात पंचवीस मिनिटे. त्यातली दहा चष्मा शोधण्यात.

पण खरा धक्का वेगळाच. रविवारी गंमत म्हणून शेजारी सौ.चाही रकाना आखला. रात्री बेरीज केली तर सहा तास चाळीस मिनिटे घरकाम. माझ्या रकान्यात पंधरा मिनिटे, दुधाची पिशवी आणल्याची. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर असाच वेळेचा सर्व्हे केला होता. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या तासाचेच खाने. घरकाम करणाऱ्या बायकांची सरासरी दिवसाला २९९ मिनिटे निघाली, पुरुषांची ९७. म्हणजे सरासरी पुरुषानेही मला मागे टाकले होते. आणि हिचे गुडघे दुखतात हे मला गेली पाच वर्षे माहीत आहे.

मी तिला आकडा वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, लिहून झालं का? मग लसूण सोला."

तेव्हापासून लसूण, भाजी निवडणे, दोन्ही वेळची भांडी जागेवर लावणे माझ्याकडे. सुरुवातीला ती मागून पुन्हा लावायची, तो वेळ कोणाच्या रकान्यात धरायचा यावर आमचे भांडणही झाले. मोबाईल सकाळी कपाटात आणि फाईल टेबलावर, एवढी अदलाबदल केली. दहा ते साडेअकरा फक्त फाईल. सव्वादोन महिन्यांत प्रॉपर्टी कार्ड, सभासदांची यादी, करारनाम्यांच्या प्रती लागल्या. वर्षभर नेटाने डायरी लिहिली, आता महिन्यातून एक आठवडा लिहितो. रोज लिहिणे म्हणजे तेही एक खूळच होऊन बसते. सस्पेन्स अजून शून्य झालेला नाही, तासभर राहतोच. बहुधा खिडकीत उभा राहतो तो.

जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज द्यायचा आहे. ४८ पैकी ४६ इंडेक्स टू जमा झाले. उरलेले दोन सभासद आज इथेच बसले आहेत, नावे घेत नाही. चहा झाल्यावर मी गेटपाशीच उभा आहे. अठरा मिनिटे झाली, तीन जास्त घेतली.