नियम पाण्याचा, हिशेब कुणाचा?



सिंचन परिषदेत क्युसेक आणि टीएमसीबद्दल बोलायचा प्रघात आहे. आज त्या आकड्यांमागच्या एका जुन्या भांडणाबद्दल बोलतो. नियम सगळ्यांना सारखा लावायचा, की ज्यातून एकूण भले जास्त होईल ते करायचे? हे भांडण जायकवाडीइतके उघड्यावर क्वचितच दिसते. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले आणि मेंढेगिरी अभ्यासगटाने त्याला सूत्र दिले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल, तर नगर-नाशिककडच्या मुळा, भंडारदरा, गंगापूर, दारणा अशा धरणांतून ठरल्या प्रमाणात पाणी खाली सोडायचे.

वरच्या शेतकऱ्यांचा आक्षेप पोकळ नाही. सोडलेले पाणी पैठणला पोहोचेपर्यंत पात्रात मुरते, डोहांत अडते, काठच्या मोटारी उचलतात. तेच वर राहिले तर एकूण पीक जास्त येईल, असा हिशेब मांडतात. तो बरोबरही असेल. पण त्यात मोजले काय जाते? वरच्या उसाचे टनेज कारखान्याच्या काट्यावर दिसते. रब्बीचे आवर्तन मिळेल की नाही हे न कळल्याने खाली जो हरभरा पेरलाच गेला नाही, त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. नियमाचे मोल इथे आहे: बियाणे घेण्याआधी शेतकऱ्याला अंदाज येतो. दरवर्षी नव्याने परिणाम तोलायचे ठरवले, तर तराजू मंत्रालयात जाईल, आणि तिथे कोणाचे पारडे जड असते हे या सभागृहाला सांगायला नको.

शिवाय नासाडी नियमामुळे कमी आणि टाळाटाळीमुळे जास्त होते. पावसाळा सरताना पात्रात ओल असते, म्हणून ऑक्टोबरच्या मध्याची तारीख सोयीची. २०२३मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश ऑक्टोबर संपताना निघाला. मग आंदोलने, न्यायालयातले अर्ज, आणि दरवाजे उघडायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. अशा उशिरात पात्र सुकत जाते. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे काढा, काठची वीज तोडा, पोलीस उभे करा. पाणी सोडताहेत की कैदी, असे वाटावे. आणि उशिरामुळे जे जास्तीचे मुरते, तेच पुढच्या वर्षी नियमाविरुद्ध पुरावा म्हणून हजर होते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. जायकवाडीखालीही ऊस आहेच आणि टेलच्या शेतकऱ्याची ओरड तिथेही आहे. मग वरचा ऊस वाळवून खालचा का पोसायचा? माझे उत्तर असे की नियम धरणाच्या भिंतीशी थांबला आहे, तो चारीच्या टोकापर्यंत न्यायला हवा. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिने पाणी जमिनीला दिले नाही, माणसाला दिले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढा वाटा, भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला बंदी. ही बंदी नसती तर माणशी वाटा कागदावरच राहिला असता. म्हणजे परिणामाचा विचार नियमाच्या पोटातच होता.

एकमेकांना ओळखणाऱ्या गावात हे जमते, पावणेदोन लाख हेक्टरांहून मोठ्या लाभक्षेत्रात कसे जमेल, असे कोणी विचारील. जसेच्या तसे नाहीच जमणार. पण आवर्तन चालू असताना प्रत्येक वितरिकेच्या शेवटी किती पाणी पोहोचले, हा आकडा रोज पाणी वापर संस्थेच्या फलकावर लावणे नक्की जमेल. पाळी संपल्यावर केलेल्या तक्रारीने पीक भिजत नाही. या फलकाला नवा कायदा लागत नाही, शाखा अभियंत्याची सही लागते. दुपारच्या सत्रात अभियंते आणि पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी समोरासमोर बसणार आहेत. त्यांनी सुरुवात या फलकापासून करावी.